अकरावा प्रश्न

तुमच्या शर्टाची कॉलर जरा दोन बोटांत धरून बघा. टोकापाशी धरा. आत काहीतरी कडक लागतंय ना? त्याला कॅनव्हास म्हणतात. वरून कापड, खालून कापड आणि मधे ते पांढरं कडक अस्तर. तिन्ही एकावर एक ठेवून उलट्या बाजूनं शिवायचं, कोपरा कातरायचा, मग आत एक काडी घालून सगळं सुलटं करायचं. टोक बोथट राहिलं तर कॉलर बाद.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही पाठ नसलेल्या स्टुलावर बसला आहात आणि तुम्हाला तासाला अशा सत्तर कॉलरी करायच्या आहेत. सकाळी आठपासून. तुमच्या रांगेत चाळीस बायका आहेत, कुणी बाही लावतंय, कुणी खिसा. एकीचा हात थांबला तर पुढच्या सगळ्यांचं काम तुंबतं. तुम्हाला तहान लागली आहे. पाण्याचं पिंप दहा पावलांवर आहे. तरी तुम्ही उठत नाही. का उठत नाही, ते सांगतो. सुपरवायझरच्या टेबलाशेजारी एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक लाकडी बिल्ला टांगलेला आहे. बाथरूमला जायचं तर तो बिल्ला गळ्यात घालून जायचं. चाळीस बायकांना मिळून बिल्ला एक. म्हणून शहाणी बाई सकाळपासून पाणीच पीत नाही.

त्या स्टुलावर बसणाऱ्या बाईला कारखान्यात सगळे कॉलरवाली म्हणत. तिला अकरा वर्षांची एक मुलगी होती. ही गोष्ट त्या मुलीची.

मुलीला घरात मास्तरीण म्हणायचे, कारण तिला शिकवण्याचा भारी नाद. शाळेत जे शिकून यायची ते संध्याकाळी धाकट्या भावाला शिकवायची. भाऊ झोपला तर उशीला शिकवायची. भाऊ तीन वर्षांचा. त्याला बटण म्हणत. दीड वर्षांचा असताना त्यानं आईच्या पिशवीतलं शर्टाचं बटण गिळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जिथून बाहेर यायचं तिथून आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वडील नव्हते. ते दुसऱ्या एका कारखान्यात नव्या जीन्सवर वाळूचा फवारा मारायच्या खात्यात होते. नवी पँट जुनी दिसावी म्हणून तसं करतात. दोन वर्षं खोकत राहिले आणि गेले.

एका बुधवारी आई कामावरून आली ती हातात एक छापील कागद घेऊन.

"काय आणलंस?" मास्तरिणीनं विचारलं.

"अभ्यास," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "शिट्टीनं मला शाळेत घातलंय."

शिट्टी म्हणजे सुपरवायझर. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची आणि कुणाचा हात मंदावला की तो ती फुंकायचा. त्यानं सगळ्यांना कागद वाटला होता. शर्ट विकत घेणारी मोठी परदेशी कंपनी वर्षातून एकदा एक बाई पाठवायची, कामगारांना नीट वागवतात की नाही ते बघायला. पुढच्या मंगळवारी ती येणार होती. कुणालाही बंद खोलीत बोलावून प्रश्न विचारणार होती. कागदावर बारा प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली उत्तर.

"घरून पाठ करून या म्हणाला. जिचं चुकेल तिनं बुधवारी डबा आणायची तसदी घेऊ नये."

आईला वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर जोडत, अंधारात पायऱ्या उतरल्यासारखं. मास्तरिणीनं कागद हिसकावूनच घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिला असा विद्यार्थी मिळाला होता, जो शिकवताना झोपणार नव्हता.

शिकवणी सकाळी चालायची. आई तिची वेणी घालायची तेव्हा ती कागद मांडीवर घेऊन प्रश्न विचारायची.

"प्रश्न चौथा. पाणी प्यायला किंवा बाथरूमला जायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते का?"

"नाही. केव्हाही जाता येतं. विचारावं लागत नाही."

"मग तू पाणी का पीत नाहीस, आई?"

"उत्तर पाठ कर म्हणालेत, खरं कर म्हणालेले नाहीत. मान सरळ धर."

मास्तरिणीला यात फारसं वावगं वाटलं नाही. 'माझा दिनक्रम' या निबंधात तिनंही लिहिलं होतं, की मी रोज पहाटे पाच वाजता उठते आणि व्यायाम करते. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. शाळेत असं चालतंच.

दोन दिवसांत आईला बाराच्या बारा उत्तरं एका दमात येऊ लागली. पण मास्तरीण कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं मधेच विचारलं, "सातवा?" आणि आई गडबडली. ओठातल्या ओठात पहिल्यापासून म्हणत सातव्यापर्यंत आली. मास्तरिणीच्या वर्गातही असंच व्हायचं. सगळी मुलं सातचा पाढा खणखणीत म्हणत, पण बाईंनी एकदम "सात आठे?" विचारलं की प्रत्येक जण सात एके सातपासून सुरू करी.

"असं चालणार नाही," ती म्हणाली. "ती बाई उलटसुलट विचारेल."

मग तिनं एक युक्ती केली. आईच्या पिशवीत कॅनव्हासच्या कातरणी होत्या, कॉलरी कापून उरलेल्या, बोटभर रुंदीच्या. तिनं त्यातल्या बारा निवडल्या आणि एकेकीवर पेन्सिलीनं एकेक प्रश्न लिहिला. मागची बाजू कोरी ठेवली. मग पत्ते पिसावेत तशा पिसल्या आणि एकेक उचलून विचारू लागली. उत्तर चुकलं की मान हलवायची. मान हलली की वेणी वाकडी व्हायची आणि आईला ती सोडून पुन्हा घालावी लागायची. आणि आई अडलीच, तर मास्तरीण हळूच पहिला शब्द पुरवायची. फक्त पहिला. बाकीचं वाक्य आगगाडीच्या डब्यांसारखं त्याच्या मागून येतं, हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी वेणी फक्त दोनदा वाकडी झाली.

रविवारी दुपारी काजवाली मावशी आली. ती सख्खी मावशी नव्हे. आईच्या मागच्या मशीनवर ती शर्टाला काज पाडायची, म्हणजे बटण अडकवायची फट करायची. मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज कायमचा चढला होता. आल्या आल्या तिनं भावाला उचललं.

"काय रे बटणा, येतोस का माझ्या काजात?"

"हळू बोल गं," आई म्हणाली. "भिंती पातळ आहेत."

"पातळ आहेत म्हणूनच बोलते. शेजारणीलाही कळू दे, एकीच्या तिकिटात दोघींचं काम होईल."

पण चहा पुढे आला तशी ती गंभीर झाली. बटणला मांडीवरून उतरवलं आणि म्हणाली, "हे बघ. मला त्या खोलीत बोलावलं तर मी खरं सांगणार आहे."

"सांग."

"आणि त्या बाईनं विचारलं, दुसरी कोण सांगेल, तर तुझं नाव सांगणार आहे."

आईच्या हातातला कप तोंडापर्यंत गेला होता तो तिथेच थांबला. "मला न विचारता?"

"विचारायलाच आलेय ना, माझे आई."

मग मावशीनं जे सांगितलं ते मास्तरिणीलाही कळलं, कारण मावशी कुणालाही कळेल असंच बोलायची. युनियन काढायची म्हणून तिनं सत्तेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले होते. कागद घेऊन सरकारी कचेरीत गेली, तर तिथला कारकून म्हणाला, तुमच्या कारखान्यात कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी आहेत, अशी नोंद आहे. मग आणखी युनियन कशाला?

"कोण गं प्रतिनिधी?" आईनं विचारलं.

"तुला नाही ठाऊक? शिट्टीचा मेहुणा. गोदामात गठ्ठ्यावर बसून डुलक्या काढतो ना, तो आपला प्रतिनिधी. आपण निवडलाय त्याला. झोपेत निवडला असेल, त्याच्या."

मास्तरीण खुदकन हसली. आई हसली नाही.

"आता या बाईच्या कागदावर 'प्रतिनिधी निवडलेले नाहीत' एवढी एक ओळ आली, तर कचेरीत आपला अर्ज घ्यावा लागेल त्यांना. पण एकीचं कुणी लिहून घेत नाही. गेल्या वर्षी इस्त्रीवाली एकटीच बोलली. म्हणाले, हिचं सुपरवायझरशी भांडण आहे. कुठे आहे आता ती?"

इस्त्रीवाली कुठे होती ते कुणालाच माहीत नव्हतं.

"सत्तेचाळीस जणी आहेत की," आई म्हणाली.

"अंगठा द्यायला आहेत. बंद खोलीत शिरल्या की दातखीळ बसते. तूही घाबरतेस, मला माहितीये. पण तुला खोटं पचत नाही. कान लाल होतात तुझे." मावशीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोघी हव्यात. दोघी पुरे आहेत."

"बघते," आई म्हणाली.

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते."

मावशीनं उसासा टाकला. उठता उठता तिची नजर कातरणींच्या गठ्ठ्याकडे गेली. "हे काय? पत्ते खेळता वाटतं मायलेकी?"

मास्तरिणीनं मोठ्या अभिमानानं आपली युक्ती सांगितली. मावशीनं एकेक कातरण बघितली आणि अकराव्या प्रश्नाची हातात ठेवली. त्यावर लिहिलं होतं, 'तुमचे प्रतिनिधी कसे निवडले?' उत्तर होतं, 'हात वर करून. आम्ही सगळ्यांनी हात वर करून निवडले.'

"मास्तरीणबाई, तुमच्या वर्गात मॉनिटर कोण निवडतं?"

"आम्ही. चिठ्ठ्या टाकतो डब्यात."

"आणि उद्या तुमच्या बाईंनी स्वतःच्या मेहुण्याला आणून बसवलं मॉनिटर म्हणून, आणि म्हणाल्या, कुणी विचारलं तर सांगा आम्हीच निवडलाय?"

"मी नाही सांगणार!" मास्तरीण पटकन बोलून गेली. मग तिनं आईकडे बघितलं. आई कप धुवायला उठली होती.

मावशीनं ती कातरण गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली आणि निघून गेली.

"आई," बऱ्याच वेळानं मास्तरीण म्हणाली, "अकरावा वगळू या का?"

आई भांडी पुसत होती. "नको. विचार."

सोमवारी सकाळी बारापैकी बारा आले. वेणी पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

मंगळवारी मास्तरिणीला आणि बटणला आईबरोबर कारखान्यात जायचं होतं. शिट्टीनं ज्यांना लहान मुलं होती त्यांना ती आणायला सांगितलं होतं, कारण नवव्या प्रश्नाचं उत्तर होतं, 'होय, मुलांसाठी पाळणाघर आहे.' पाळणाघर आहे म्हटल्यावर आत मुलं नकोत का? बटण एकटा राहणार नाही म्हणून मास्तरीण.

कारखान्याचं आवार ओल्या रंगाच्या वासानं भरलं होतं. मास्तरिणीनं इतक्या वेळा उत्तरं घोकून घेतली होती, की तिला सगळं ओळखीचं वाटलं. हे सातव्या प्रश्नातलं मागचं दार. आज त्याला कुलूप नव्हतं आणि वर हिरवी पाटी होती. हा चौथ्यातला खिळा. खिळा नुसताच होता. भिंतीवर बिल्ल्याच्या आकाराचा फिकट डाग तेवढा उरला होता.

पाळणाघर म्हणजे अर्धं गोदाम. तीन दिवसांपूर्वी मधे प्लायवूडची भिंत उभी केली होती. अलीकडे चटई, खेळणी आणि सहा मुलं. पलीकडे टेबल, दोन खुर्च्या आणि दारावर पाटी: कामगार प्रतिनिधी कक्ष. मुलांना सांभाळायला एक म्हातारी होती. एरवी ती शर्टांचे लोंबते धागे कापायची. आज तिला पांढरा कोट चढवला होता.

"मी आजच्या दिवसाची आया," ती मास्तरिणीला म्हणाली. "कोटाचं मात्र बटण लागत नाही बघ. कारखाना शर्टांचा, आणि मला कोट दिलाय काजं नसलेला."

एक लाकडी घोडा होता. बटण थेट त्याच्याकडे धावला. पण घोडा अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, चेंडूही.

"प्लास्टिक काढायचं नाही रे राजा," म्हातारी म्हणाली. "उद्या दुकानात परत जायचंय त्याला."

बटण प्लास्टिकवर बसला. ते कुरकुर वाजलं. त्याला तेवढंही पुरलं.

दहाच्या सुमारास पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकली. तपासणीला आलेली बाई बोलू लागली. आवाज मऊ होता, दमलेला. प्लायला खालपासून वरपर्यंत एक चीर होती आणि मास्तरीण तिला पाठ लावून बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

पहिली आत आली ती बाही लावणारी.

"तुम्हाला बाथरूमला जायला परवानगी लागते का?"

"दोन्ही दारं उघडी असतात, बाई."

"मी दारांचं नाही विचारलं. बाथरूमचं विचारलं."

"होय. पाळणाघर आहे."

मग तपासणीबाई म्हणाली, "ही उत्तरं तुम्हाला कुणी पाठ करायला सांगितली आहेत का?"

"नाही, केव्हाही. विचारावं लागत नाही."

मास्तरिणीला हसू फुटणार होतं, पण ते घशातच राहिलं. क्रमानं पाठ केलं की असं होतं. तिनं आईला असं शिकवलं नव्हतं. दुसरी आली, तिचंही तसंच. पलीकडे पेन टेबलावर टकटक वाजत होतं.

तिसरी काजवाली मावशी. तिचा आवाज प्लायमधून आला तो जणू मधे प्लाय नव्हताच. तिनं बिल्ल्याचं सांगितलं. एका बाईला बिल्ला मिळेना म्हणून स्टुलावरच कसं झालं आणि ती दिवसभर तशीच ओल्यात बसून खिसे लावत राहिली, ते सांगितलं. मागच्या दाराच्या कुलपाचं सांगितलं.

"आणि पलीकडे मुलं आहेत ना, ती आज पहिल्यांदा आलीत. जाऊन बघा. घोड्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

अलीकडे म्हातारीनं ते ऐकलं मात्र, तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं कोटाच्या खिशातून धागे कापायची कात्री काढली आणि घोड्याचं प्लास्टिक टराटरा कापून काढलं, चेंडूचंही. गोळा करून स्वतःच्या कोटाखाली कोंबलं. बटण आनंदानं ओरडला आणि घोड्यावर चढला. इतका खूश तो कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"तुमचे प्रतिनिधी कसे निवडले?" तपासणीबाई विचारत होती.

"निवडलेच नाहीत. कुणी हात वर केला नाही, कुणी करायला सांगितलाही नाही."

"तुमच्याशिवाय हे आणखी कुणी सांगेल?"

"कॉलरवालीला विचारा. ती सांगेल."

मास्तरिणीनं पाठ चिरेला आणखी घट्ट लावली.

आईची पावलं तिनं ओळखली. खुर्ची सरकली ती प्लायच्या अगदी जवळ. चिरेतून कामाच्या निळ्या कोटाची एक रेघ दिसू लागली. मधे वीतभरही अंतर नव्हतं. मास्तरीण वळून चिरेकडे तोंड करून बसली.

तपासणीबाईनं सातवा विचारला. मग दुसरा. मग एकदम बारावा, मग चौथा. आई अडखळली नाही. प्रत्येक उत्तर स्वच्छ, जिथलं तिथं, आणि तरी पाठ केल्यासारखं नाही. मास्तरिणीचे ओठ आईबरोबर हलत होते. बरोबर. हेही बरोबर. आतून तिला कसंसंच होत होतं, पण त्याच वेळी छाती फुगत होती. तुम्ही कधी कुणाला काही मनापासून शिकवलं असेल, तर तुम्हाला हे कळेल. आणि ते तिच्या हातात नव्हतं, हेही कळेल.

"आता एकच. तुमचे प्रतिनिधी कसे निवडले?"

आई बोलली नाही.

बाहेर मशिनं चालत होती. बटण घोड्यावर डुलत होता. चिरेतली निळी रेघ वर झाली, खाली झाली. आईनं मोठा श्वास घेतला होता. आणखी एक घेतला. तपासणीबाईचं पेन वाजायचं थांबलं.

मास्तरिणीनं काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. इतके दिवस सकाळी जे होत आलं तेच झालं. आई अडली, आणि तिच्या जिभेनं पहिला शब्द पुरवला.

"हात," ती चिरेत कुजबुजली.

निळी रेघ गोठल्यासारखी झाली.

"हात वर करून," आई म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी हात वर करून निवडले."

"धन्यवाद," तपासणीबाई म्हणाली. "आज नीट उत्तरं देणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि पेन कागदावर सरसर चाललं.

मास्तरिणीनं चिरेला डोळा लावला. आईचा कान दिसला. इस्त्रीचा चटका बसल्यासारखा लाल.

जाता जाता तपासणीबाई पाळणाघराच्या दारात क्षणभर थांबली. घोड्यावर बसलेल्या बटणकडे बघून हसली, आणि कागदावर एक खूण केली.

बुधवारी बिल्ला खिळ्यावर आला, कुलूप दारावर आलं. शुक्रवारी फळीवर काजवाली मावशीचं हजेरीचं कार्ड नव्हतं. फाटकावरच्या माणसानं तिला आत सोडलं नाही, आणि का ते सांगितलंही नाही. आईच्या मागच्या मशीनवर दुसरी कुणी काज पाडू लागली. आईनं घरी हे एका वाक्यात सांगितलं आणि जेवली नाही.

शनिवारी संध्याकाळी मावशी दारात उभी राहिली. हातात एक काडी होती, कॉलर सुलटी करायची, टोकाला झिजून गुळगुळीत झालेली.

"माझ्या पिशवीत आली होती. तुझी आहे."

"आत ये ना," आई म्हणाली.

"नको. भिंती पातळ आहेत." पहिल्यांदाच तिचा आवाज इतका खाली होता, की मास्तरिणीला कान द्यावा लागला. "त्या बाईला गाठलं मी, ती उतरली होती तिथं. म्हणाली, तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्यांनी तर अगदी वेगळं सांगितलं. सोमवारी दुपारपर्यंत मी कागद पाठवणार नाही म्हणाली. दुसरी कुणी आली तर बदलीन, लिहून दिलं तरी चालेल." तिनं एक चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवली. त्यावर पत्ता होता. "एवढं स्वच्छ कुणीच बोललं नाही म्हणे. छान शिकवलंय कुणीतरी."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं मास्तरिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, बटणकडे न बघता वळली आणि जिना उतरून गेली.

चिठ्ठी उंबऱ्यावरच राहिली. आईनं ती उचलली नाही आणि बाहेरही टाकली नाही.

रविवारी सकाळी आई वेणी घालायला बसली. आज कुणी प्रश्न विचारत नव्हतं. फणीचा आवाज तेवढा होता.

"आई," मास्तरीण म्हणाली, "तू अडली होतीस का?"

"कधी?"

"अकराव्याला."

"मान हलवू नकोस."

"आठवत नव्हतं, की..." तिला पुढे बोलवेना. मान हलली. वेणी वाकडी झाली, पण आईनं ती सोडली नाही.

"आठवत होतं," आई म्हणाली. "सगळं आठवत होतं."

"मग मी म्हटलं म्हणून?"

केसांतले आईचे हात थांबले होते. बोटांची टोकं सुयांनी भोसकून खरबरीत झालेली, मास्तरिणीला ती मानेवर लागत होती.

"तू काय म्हणालीस ते नाही गं," आई म्हणाली. "तुझा आवाज आला. मला आठवलं, भिंतीपलीकडे तुम्ही दोघं आहात."

बटण कोपऱ्यात उशीवर घोडा घोडा खेळत होता. मास्तरीण तशीच वाकड्या वेणीनं उठली. उंबऱ्यावरची चिठ्ठी उचलून तिनं आईसमोर फरशीवर ठेवली. मग खिडकीतला कातरणींचा गठ्ठा आणला. बारांमधून एक काढली, अकराव्या प्रश्नाची. ती उलटी केली, कोरी बाजू वर, आणि पेन्सिल हातात धरून आईसमोर मांडी घालून बसली.

"तुमचे प्रतिनिधी कसे निवडले?" तिनं विचारलं.

आई बोलली नाही. तिनं मोठा श्वास घेतला. आणखी एक घेतला.

मास्तरिणीनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि वाट बघत राहिली.